पंप कुठे थांबतो

हवा काढणाऱ्या प्रत्येक पंपाची एक जागा ठरलेली असते. तिथे पोचला की तो थांबतो. मोटर फिरत राहते, आवाज चालू राहतो, पण दाबमापक जागचा हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण दुसरा, मोठा पंप शोधायला निघतात. वोल्फगांग गेडे या जर्मन तंत्रभौतिकीवेत्त्याने आयुष्यभर वेगळी वाट धरली. पंप नेमका इथेच का अडला, हा प्रश्न त्यांनी निव्वळ कारागिरीचा मानला नाही. भौतिकशास्त्राचा प्रश्न म्हणून ते त्याच्या तळाशी गेले. १९०५ ते १९३५ या तीस वर्षांत या एका सवयीतून चार जातींचे पंप आणि एक छोटीशी झडप जन्माला आली. रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हपासून चिप बनवायच्या यंत्रापर्यंत आणि एसीत गॅस भरायला आलेल्या मेकॅनिकच्या पंपापर्यंत त्यांचं काम पसरलेलं आहे. तरी त्या धंद्याबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

गेडे यांचा जन्म २५ मे १८७८ चा, ब्रेमरहाफेनला लागून असलेल्या लेहे गावातला. शिक्षण फ्रायबुर्गला झालं. आधी वैद्यक, मग भौतिकशास्त्र. धातूंची विशिष्ट उष्णता तापमानाबरोबर कशी बदलते, या विषयावर त्यांनी १९०१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच विद्यापीठात फ्रान्त्स हिमस्टेट यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी व्होल्टाच्या काळापासून लोंबकळत पडलेला एक वाद हाती घेतला. जस्त आणि तांबं असे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवले की त्यांच्यात विद्युतदाबाचा फरक पडतो. हा फरक धातूंचा स्वतःचा, की त्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या आणि ओलाव्याच्या थराचा? निकाल लावायचा तर तो थर काढून बघायला हवा. थर काढायचा तर आसपासची हवा काढायला हवी. इथेच गाडी अडली, कारण प्रयोगशाळेत मिळणारे पंप त्या कामाला पुरे पडत नव्हते.

त्या वेळचा चांगला पंप म्हणजे पाऱ्याचा, टोप्लर यांच्या पद्धतीचा. काचेचा एक मोठा फुगा, त्याला खालून रबरी नळीने जोडलेलं पाऱ्याचं भांडं. भांडं हाताने उंच उचललं की पारा फुग्यात चढतो आणि तिथली हवा बाहेर रेटतो. भांडं खाली आणलं की पारा उतरतो, फुगा रिकामा होतो आणि जोडलेल्या पात्रातली थोडी हवा त्यात पसरते. पुन्हा उचला, पुन्हा उतरवा. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हे काम अंगमेहनतीचं. पारा जरा जोरात चढला तर फुग्याच्या डोक्यावर आपटतो आणि काच फुटते.

कागदावर हिशेब सोपा आहे. फुगा आणि पात्र सारख्या आकाराचे असतील तर प्रत्येक फेरीला दाब निम्मा होतो. १,००० मिलिबारपासून, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबापासून, १ मिलिबारपर्यंत यायला दहा फेऱ्या, आणि तिथून हजारांश मिलिबारपर्यंत आणखी दहा. प्रत्यक्षात मात्र तासन् तास भांडं वर-खाली करावं लागे. पात्रातली मोकळी हवा पहिल्या काही फेऱ्यांतच निघून जाते. त्यानंतर जे निघत राहतं ते काचेच्या भिंतींना चिकटलेलं पाणी आणि वायू. ते हळूहळू सुटत राहतात. भिंतीतून जितकं सुटतंय तितकंच पंप काढतोय, अशी बरोबरी झाली की दाब तिथेच ठरतो. म्हणजे एका फेरीत किती हवा निघते यापेक्षा दर सेकंदाला न थांबता किती निघते, याला महत्त्व आहे. गेडे यांनी पहिली गाठ सोडवली ती ही.

१९०५ मध्ये मेरान इथे भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांच्या संमेलनात त्यांनी आपला फिरता पारापंप मांडला. लोखंडी पेटी, तिला पुढून जाड काच, आत निम्म्याहून अधिक पारा आणि त्यात फिरणारा चिनीमातीचा ढोल. ढोलाच्या आत वळणदार कप्पे. ढोल फिरताना एक कप्पा पाऱ्यातून वर येतो, त्याची मोकळी जागा वाढत जाते आणि पात्रातला वायू तो आत ओढून घेतो. पुढे कप्प्याचं तोंड पाऱ्याखाली बुडतं, वायू कोंडला जातो आणि पलीकडे ढकलला जातो. वायू मोजायच्या ओल्या मीटरचीच ही रचना, फक्त उलट्या दिशेने चालवलेली. ढोल मिनिटाला वीसेक फेरे घेतो. याहून जोरात फिरवला तर पारा घुसळला जातो आणि त्यात बुडबुडे अडकून ते पात्राच्या बाजूला जातात.

या पंपाला एक अट होती. तो थेट वातावरणात हवा सोडू शकत नाही, कारण वातावरणाच्या दाबाला तोलायला पाऱ्याचा ७६ सेंटिमीटरचा स्तंभ लागतो आणि ढोलात तेवढी उंची नसते. म्हणून त्याच्या मागे दुसरा साधा पंप लावायचा, उदाहरणार्थ नळाला जोडलेला पाण्याच्या फवाऱ्याचा. तो पंधरा-वीस मिलिबारपर्यंत हवा काढून ठेवतो, पुढचं काम ढोल करतो. एकामागे एक पंप लावायची ही पद्धत आज कुठल्याही निर्वात प्रयोगशाळेत गृहीत धरलेली असते. दुसरी अडचण ओलाव्याची. पाण्याची वाफ ढोलात दाबली गेली की पाणी होतं, पाऱ्यावर तरंगतं आणि पुन्हा वाफ होऊन पात्राकडे परततं. त्यावर त्या काळचा उपाय म्हणजे पात्र आणि पंप यांच्या मध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडची पांढरी पूड भरलेली नळी. ती पाणी शोषते, चिकट होते आणि मग बदलावी लागते. पाण्याचं हे दुखणं गेडे यांनी तिथेच सोडून दिलं नाही. तीस वर्षांनी त्यांनी त्यावर कायमचा उपाय काढला, त्याकडे पुढे येऊ.

कोलोनच्या लायबोल्ड कंपनीने १९०६ पासून त्यांचे पंप बनवायला घेतले आणि हे नातं आयुष्यभर टिकलं. विजेचे दिवे आणि क्ष-किरण नळ्या बनवणाऱ्या कारखान्यांना असा न थांबता चालणारा पंप हवाच होता. लवकरच तेलाने सील होणारा फिरता पंपही आला. आज सगळ्या जगात ज्याला रोटरी व्हेन पंप म्हणतात त्याचा हा पूर्वज.

हा पंप जवळून बघण्यासारखा आहे. गोल पोकळीत एक गोल रोटर, पण मधोमध बसवलेला नाही. वरच्या बाजूला तो पोकळीच्या भिंतीला जवळजवळ टेकतो. फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते आणि ती तेलाच्या पापुद्र्याने बंद होते. रोटरला आरपार खाच, खाचेत दोन पाती, पात्यांच्या मध्ये स्प्रिंग. रोटर फिरताना पाती भिंतीला घासत बाहेर-आत सरकतात. एका बाजूला जागा वाढते, तिथे वायू आत येतो. दुसऱ्या बाजूला जागा आकसते, तिथे वायू दाबला जातो आणि तेलात बुडालेली झडप उचलून बाहेर पडतो. तेल तीन कामं करतं: फट बुजवतं, घर्षण कमी करतं आणि झडपेखाली उरलेली मेलेली जागा भरून काढतं. हे तिसरं काम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झडपेखाली वायूचा जरासा अंश जरी अडकून राहिला तरी तो पुढच्या फेऱ्यात पात्राच्या बाजूला पसरतो. तेल नसेल तर पंपाची मर्यादा तिथेच ठरून जाते. तेल असूनही मर्यादा आहेच, कारण तेलात वायू विरघळतो आणि कमी दाबाच्या बाजूला पुन्हा सुटतो. एक टप्प्याचा पंप साधारण पाच शतांश मिलिबारच्या आसपास अडतो. असे दोन टप्पे एकामागे एक लावले तर हजारांश मिलिबारच्या जवळ जाता येतं.

तिथून पुढे जायचं तर वायू दाबून बाहेर काढायची कल्पनाच सोडावी लागते. गेडे यांचं सगळ्यात मोलाचं काम इथून सुरू होतं, असं मला वाटतं.

साध्या हवेत रेणू एकमेकांवर सतत आदळत असतात. दोन धडकांच्या मधलं सरासरी अंतर, म्हणजे मुक्त पथ, वातावरणाच्या दाबाला मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढं असतं. दाब १ मिलिबारला आला की ते ०.०७ मिलिमीटर होतं आणि हजारांश मिलिबारला जवळजवळ ७ सेंटिमीटर. आता रेणूची गाठ दुसऱ्या रेणूशी क्वचितच पडते, भिंतीशी मात्र सारखी पडते. भिंतीवर आदळलेला रेणू तिथून कसा सुटतो? गेडे यांनी वायूच्या या 'बाह्य घर्षणा'वर प्रयोग केले. रेणू आरशावरच्या प्रकाशासारखा परावर्तित होत नाही. तो क्षणभर भिंतीवर थांबतो, आलेली दिशा विसरतो आणि कुठल्याही दिशेला सुटतो. मग भिंतच जोरात सरकत असेल तर? सुटणाऱ्या रेणूला स्वतःच्या वेगावर भिंतीचा वेगही मिळेल. म्हणजे वायूला झडप, पाती, पारा काहीच न लावता फक्त धावत्या पृष्ठभागाने एका दिशेला नेता येईल.

यातून रेण्विक पंप आला. पेटंट १९०९ चं, प्रसिद्धी १९१२ मध्ये. एका ढोलावर खोल खाचा, प्रत्येक खाचेत बाहेरच्या कवचाची जीभ शिरलेली आणि ढोल मिनिटाला ८,००० फेरे घेणारा. १० सेंटिमीटर व्यासाचा ढोल या गतीने फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ४२ मीटर होतो. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर, म्हणजे भिंतीची भर जेमतेम दहाव्या हिश्शाची. पण खाचेच्या लांबीत रेणू शेकडो वेळा भिंतीला लागतो आणि दर वेळी थोडा थोडा पुढे ढकलला जातो. हायड्रोजनचा रेणू हलका, वेग त्याच्या पावणेचार पट. त्याच्यावर भिंतीची भर कमी पडते. म्हणून हा पंप जड वायू उत्तम काढतो आणि हायड्रोजनपाशी ढिला पडतो. याच तत्त्वावर चालणाऱ्या आजच्या टर्बो पंपांनाही हा हायड्रोजनचा त्रास सुटलेला नाही, कारण तो रचनेचा दोष नाही, रेणूच्या वेगाचा आहे.

बिघाड कुठे होतो तेही बघू. खाच आणि जीभ यांच्यात फट फार झाली तर वायू तिथून मागे सरकतो, म्हणून फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते. पोलादी ढोलाची त्रिज्या ५० मिलिमीटर धरली आणि तो कवचापेक्षा ५० अंशांनी जास्त तापला तर त्रिज्या ०.०३ मिलिमीटरने वाढते. एक तृतीयांश फट तिथेच गेली. निर्वातात ढोलाला थंड करायला हवाही नसते. त्यात काचेचा एखादा बारीक कण आत गेला, किंवा पूर्ण वेगात असताना अचानक हवा आत शिरली, की ढोल कवचात अडकतो आणि पंप निकामी होतो. म्हणून हे यंत्र नाजूक ठरलं आणि सरसकट वापरात आलं नाही.

तरी जिथे गेलं तिथे त्याने काम फत्ते केलं. अमेरिकेत टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांवर आवाज वाढवायला ट्रायोड व्हॉल्व्ह, म्हणजे हवा काढलेली एक काचेची नळी, हवा होता. त्या वेळच्या व्हॉल्व्हमध्ये वायू शिल्लक राहायचा. विद्युतदाब थोडा वाढवला की तो वायू विद्युतभारित होऊन निळसर चमकायचा आणि व्हॉल्व्ह बेभरवशाचा व्हायचा. हॅरल्ड आर्नोल्ड यांनी १९१३ मध्ये गेडे यांचा रेण्विक पंप वापरून व्हॉल्व्ह खरोखर रिकामे केले. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो अशाच व्हॉल्व्हांच्या जोरावर. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगमुइरही हाच पंप वापरत होते.

पुढे पॅरिसमध्ये होल्वेक यांनी आणि स्वीडनमध्ये सीगबान यांनी खाचांची रचना बदलून बघितली. फट मात्र तशीच अरुंद राहिली. १९५८ मध्ये फायफर कंपनीच्या विली बेकर यांनी तिरक्या पात्यांच्या चकत्या एकाआड एक बसवल्या. त्यात मिलिमीटरभर फट ठेवली तरी चालतं, आणि तिथून टर्बोमॉलिक्युलर पंप घरोघरी नाही तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी पोचला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची जी वेधशाळा ठरली आहे, तिच्या चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्यांमधली हवा सुरुवातीला काढायला याच जातीचे पंप लागतात. अंतिम दाब टिकवायचं काम मग दुसरे, न फिरणारे पंप करतात, कारण फिरत्या यंत्राची थरथर तिथे चालत नाही.

रेण्विक पंप प्रसिद्ध होऊन फार काळ झाला नव्हता तेव्हा गेडे आणखी पुढे गेले होते. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांनी ज्याचं पेटंट मागितलं, त्या पंपात फिरणारा एकही भाग नव्हता. पारा उकळायचा, त्याच्या वाफेचा झोत एका अरुंद फटीवरून न्यायचा. फटीपलीकडे पात्र. पात्रातले वायूचे रेणू भटकत फटीतून झोतात शिरतात आणि झोत त्यांना ओढत पुढे नेतो. उलट बाजूने पाऱ्याची वाफही फटीतून पात्राकडे जायला बघते. फट वाफेच्या मुक्त पथाएवढी ठेवली तर वायू आत येतो आणि वाफेला मात्र धडका खात माघार घ्यावी लागते, असा त्यांचा हिशेब. 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकात १९१५ मध्ये त्यांनी तो सिद्धांत आणि पंप एकत्र मांडला. या पंपाला वायूच्या दाबाची खालची मर्यादाच नाही. दाब कितीही कमी असो, झोतात शिरलेला रेणू पुढे जाणारच. हा विचार तोवर कुणी केला नव्हता.

अडचण एकच, अरुंद फटीतून जाणारा वायूही थोडाच. १९१६ मध्ये लँगमुइर यांनी दाखवलं की फट अरुंद ठेवायची गरज नाही. झोताच्या आजूबाजूची भिंत पाण्याने थंड ठेवा. जी वाफ भिंतीला लागेल तिचा तिथेच पारा होईल, पात्राकडे जायला ती उरणारच नाही. मग तोंड हवं तेवढं रुंद करता येतं. वाफेच्या झोताचा हा पंप म्हणजेच आजचा डिफ्यूजन पंप; तो लँगमुइर यांच्या रचनेचा आणि गेडे यांनी दिलेल्या नावाचा आहे. श्रेय कुणाचं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं मत सरळ आहे: वायू झोतात शिरतो तो विसरणानेच (डिफ्यूजनने), म्हणजे आपणहून पसरत जाऊन, हे गेडे यांनी ओळखलं. ती ओळख नसती तर भिंत थंड करून काय साधायचं हेही कुणाला सुचलं नसतं.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बर्च यांनी पाऱ्याऐवजी कमी बाष्पदाबाचं तेल वापरलं, तेव्हापासून बहुतेक डिफ्यूजन पंप तेलावर चालतात. तो चालवायचा क्रम चुकवून चालत नाही. आधी मागचा रोटरी पंप सुरू करून पाच शतांश मिलिबारपर्यंत यायचं, मग थंड पाणी सोडायचं, मग हीटर. वीस-तीस मिनिटांनी झोत तयार होतो, त्यानंतरच पात्राकडची मोठी झडप उघडायची. बंद करताना आधी ती झडप, मग हीटर. पाणी आणि मागचा पंप तेल गार होईपर्यंत चालूच. तेल गरम असताना हवा आत गेली तर ते करपतं, काळं होतं आणि अख्खा पंप उघडून घासावा लागतो. मागच्या बाजूचा दाब सहन होईल त्यापलीकडे गेला तर झोत मोडतो आणि तेलाची वाफ सरळ पात्रात जाते. शेवटी रोटरी पंप बंद केला की त्याच्या तोंडाशी हवा सोडायची, नाहीतर त्याचं तेल नळीतून उलटं वर चढतं. वीज गेली तर हे सगळं आपोआप व्हावं म्हणून चांगल्या यंत्रणेत तशी झडप बसवलेली असते.

१९१५ च्या त्याच निबंधात एक निरीक्षण आहे, ज्यावर गेडे यांची नजर किती बारीक होती ते कळतं. त्या काळी कमी दाब मोजायला मॅकलिऑड गेज वापरत. ठरावीक आकारमानाचा वायू पाऱ्याने एका केशनळीत दाबायचा, दाबलेल्याचा दाब मोजायचा आणि बॉइलच्या नियमाने मूळ दाब काढायचा. या गेजमध्ये पारा असतो आणि २० अंशांना पाऱ्याचा स्वतःचा बाष्पदाब एक हजारांश मिलिबारहून थोडा जास्त असतो. ती वाफ पात्रात जाऊ नये म्हणून मध्ये द्रवरूप हवेने थंड केलेला सापळा ठेवतात. सगळे इथे थांबले. गेडे यांनी विचारलं, गेजमधून सापळ्याकडे वाफ सतत वाहतेय ना? मग ती वाहती वाफ म्हणजे एक छोटा डिफ्यूजन पंपच झाला. ती जाताना गेजमधला वायूही ओढून नेते आणि गेज खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. मोजणाऱ्याला वाटतं, निर्वात उत्तम आहे. जगभरची प्रमाण मोजमापं ज्या गेजवर बेतलेली होती त्यातच ही चूक होती, तरी पुढची चार-साडेचार दशकं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६२ मध्ये जपानमध्ये इशी आणि नाकायामा यांनी ती नव्याने तपासली, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. उपाय साधा आहे: गेज आणि सापळा यांच्या मधली नळी बारीक ठेवायची किंवा गेजमधला पारा थंड ठेवायचा, म्हणजे वाफेचा ओघ मंदावतो.

आणि व्होल्टाचा तो प्रश्न? त्याच्या निकालाला लागणारं निर्वात गेडे यांच्या आवाक्यात नव्हतं. दशलक्षांश मिलिबारला स्वच्छ धातूवर रेणूंचा अख्खा थर बसायला दोन-तीन सेकंद पुरतात. पृष्ठभाग अर्धा तास स्वच्छ राहायला हवा असेल तर त्याच्या हजारपट कमी दाब लागतो. तिथे पोचणं आणि ते मोजणं १९५० नंतर सवयीचं झालं. ज्या प्रश्नासाठी पंप बनवायला घेतला तो प्रश्न असा दूर राहिला. पण वाटेतला अडथळा हेच आपलं काम, असं ठरवलेल्या माणसाच्या बाबतीत याला अपयश म्हणणं मला पटत नाही.

१९१९ मध्ये गेडे कार्ल्सरुहेच्या तंत्रविद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे अध्यासन थोरामोठ्यांचं. हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी याच संस्थेत दाखवल्या आणि त्यांच्यानंतर द्रवस्फटिकांवर काम करणारे ओटो लेमान तिथे होते. लेमान यांच्या जागी गेडे आले. त्याच वर्षी जर्मनीत तांत्रिक भौतिकशास्त्राची स्वतंत्र संस्थाही निघाली. कारखान्यातल्या प्रश्नाला भौतिकशास्त्रात मानाची जागा मिळू लागली होती. पण नाझी राजवट आली, गेडे यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला अध्यासन सोडावं लागलं. त्यांनी काम सोडलं नाही. विद्यापीठाबाहेर राहून ते पंपांवर प्रयोग करतच राहिले. २४ जून १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं चरित्र १९५४ मध्ये त्यांच्या बहिणीने, हाना गेडे यांनी लिहिलं.

अध्यासन गेल्यानंतरच्या काळातलं त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे १९३५ ची गॅस बॅलास्ट झडप. पाण्याच्या वाफेचं जे दुखणं पहिल्या पारापंपापासून होतं, त्यावरचा हा इलाज. रोटरी पंप चालून चालून सुमारे ७० अंशांपर्यंत तापतो. ७० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ३१२ मिलिबार असतो. आत नुसती वाफ आली आणि पंप ती दाबू लागला, तर दाब ३१२ ला पोचताच वाफेचं पाणी व्हायला लागतं. झडप उघडायला १,००० हून अधिक मिलिबार लागतात आणि तेवढा दाब कधी होतच नाही. पाणी तेलात मिसळतं, फिरत फिरत आतल्या बाजूला येतं आणि तिथे पुन्हा वाफ होतं. तेच पाणी पंप गोल गोल वाहून नेत राहतो. तेल दुधाळ होतं, त्याची वंगणाची ताकद जाते, पाती घासतात, आतल्या भागांना गंज चढतो.

गेडे यांनी काय केलं, तर वायू दाबला जातो त्या बाजूला एक बारीक छिद्र ठेवून तिथून थोडी बाहेरची हवा आत येऊ दिली. हवा काढायच्या यंत्रात मुद्दाम हवा सोडायची, हे आधी कुणाच्या मनात येणंच अवघड. पण हिशेब पक्का आहे. आता दाबली जाते ती नुसती वाफ नाही, हवा आणि वाफ यांचं मिश्रण. एकूण दाब झडप उघडण्याइतका झाला तरी त्यात वाफेचा वाटा ३१२ मिलिबारच्या खालीच आहे, म्हणून पाणी व्हायच्या आत झडप उघडते आणि सगळं बाहेर पडतं. पंपाच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढी हवा सोडली आणि झडप उघडायचा दाब १,३३० मिलिबार धरला, तर आत येणाऱ्या वाफेचा दाब ३९ मिलिबारपर्यंत असला तरी पंप ती पचवतो.

याच आकड्यांतून वापरण्याची रीत निघते. पंप थंड, म्हणजे ३० अंशांवर असेल तर संपृक्त दाब फक्त ४२ मिलिबार. अशा वेळी झडप उघडी ठेवूनही उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून दमट काम सुरू करण्याआधी पंपाचं तोंड बंद ठेवून, बॅलास्ट उघडून अर्धा तास चालवायचा आणि तापू द्यायचा. काम संपलं की पुन्हा तसंच अर्धा तास चालवायचा, म्हणजे तेलात मुरलेलं पाणी निघून जातं. काचेच्या खिडकीतून तेल स्वच्छ दिसलं की झडप बंद. अर्धा-पाऊण तास चालवूनही दुधाळपणा जात नसेल तर तेल बदलायचं. झडप उघडी असताना पंपाचा अंतिम दाब साधारण दसपटीने बिघडतो, त्यामुळे वाफ निघून गेल्यावर ती बंद करायला विसरायचं नाही.

एसी बसवणारे जाणकार मेकॅनिक हेच करतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तांब्याच्या नळ्या जोडेपर्यंत त्यांच्यात दमट हवा शिरलेली असते. पंप लावल्यावर पहिली काही मिनिटं बॅलास्ट उघडा ठेवायचा, मग बंद करून मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली यायचं, म्हणजे पाऊण मिलिबारच्या आत. त्यानंतर पंपाची झडप बंद करून दहा मिनिटं आकडा बघायचा. आकडा वर चढून हजार-दोन हजारांच्या आसपास स्थिरावला तर आत अजून ओलावा आहे, पंप पुन्हा चालवावा. न थांबता एकसारखा चढत राहिला तर गळती आहे; साबणाचं पाणी घेऊन जोड तपासावेत.

एवढं असूनही बॅलास्टची मजल ३९ मिलिबारची. त्याहून जास्त वाफ सतत येत असेल, किंवा वाफ कमी दाबाची पण लिटरच्या हिशेबात असेल, तर ती पंपापर्यंत पोचू देता कामा नये. गोठवून सुकवलेल्या लशी बनवताना, पुण्यात गोवरासारख्या लशी बनतात तिथेही, कुपीतल्या बर्फाची वाफ आधी उणे ५० अंशांच्या किंवा त्याहून थंड नळ्यांवर पुन्हा बर्फ करून अडवतात. मागच्या रोटरी पंपाकडे उरलेली हवा आणि चुकलीमाकली वाफ तेवढी जाते, आणि तिच्यासाठी बॅलास्टची झडप उघडी असते.